जेवणाच्या टेबलाखालचा माइक

४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या सिनेमाचं आपल्या घरातलं चित्रीकरण संपलं, सोफा जागेवर गेला, आईने सुटकेचा निःश्वास टाकला असेल. इथे माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालंय. सिनेमाचा आवाज टिपायचं काम माझं, आणि जेवणाच्या टेबलाखाली चिकटवलेला माइक मी शेवटच्या दिवशी बंदच केला नाही. आम्ही सगळे जेवायला बाहेर पडलो, तुम्ही दोघं घरात, आणि यंत्र सुरूच.

काल तो भाग ऐकायला घेतला. आमचे दिग्दर्शक आपल्या फ्रिजपुढे हात जोडून त्याला घरघर थांबवायची विनंती करत होते ना, त्यांची तुम्ही हुबेहूब नक्कल केलीत. चष्म्याच्या दुकानात दिवसभर ज्यांच्या कपाळावरची आठी हलत नाही, ते माझे बाबा! आणि आई हसली. पोट धरून, मध्येच श्वास अडकून, टेबलावर थापा मारत. इतक्या वर्षांत मी तिचं हे हसणं ऐकलं नव्हतं. तिथेच मी हेडफोन काढले. पुढचं ऐकलं नाही, शपथ.

सिनेमा तुम्हाला ठाऊक आहे. एक सरकारी माणूस एका घरातलं बोलणं महिनोन्‌महिने चोरून ऐकतो. शेवटी असं काही कानावर पडतं, की त्याला पुढे ऐकवत नाही आणि त्या घराविरुद्धचा अहवाल तो फाडून टाकतो. ते ‘असं काही’च आम्हाला सापडेना. नटीला हसवून हसवून दमलो, सगळं खोटं वाटतं. आईचं हसणं वापरू का? दिग्दर्शकांना कळलं तर ते न विचारताच घेतील, म्हणून अजून कुणालाच ऐकवलेलं नाही. नाही म्हणालात तर आजच्या आज पुसून टाकीन, मग सिनेमाचा शेवट लंगडा राहिला तरी चालेल.

रागवा, पण लोभ आवरता घेऊ नका.

तुमची,
ठकू


९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून डोकं फिरलं. माझ्याच घरात, मीच चहा पाजलेल्या लोकांनी माझंच बोलणं टिपावं? तुझ्यात आणि त्या सरकारी माणसात फरक काय, असं खरमरीत लिहायला बसलो होतो. तुझी आई म्हणाली, फरक एवढाच की त्याने पत्र टाकून विचारलं नसतं. तो कागद फाडून हा दुसरा घेतला. माघार घ्यायची मला सवय नाही.

हसण्याचा निर्णय हसणारीचा, म्हणून कागद तिच्याकडे देतो. माझी नक्कल मात्र जगापुढे येता कामा नये, नाहीतर गिऱ्हाइकं मला दुकानातल्या पंख्यापुढे हात जोडायला लावतील. हेडफोन वेळेवर काढलेस, याबद्दल शाबासकी.

प्रकृतीस जप. लोभ आहेच, तो मोजत बसू नकोस.

तुझे,
बाबा

ठकू, घे माझं हसणं. मला वाटायचं ते यांच्याशिवाय कुणाला ऐकूच जात नाही. पुढचा भाग पुसून टाक. तो आमचा आहे. आणि वेळेवर जेवत जा. — आई


१७ ऑगस्ट

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

नीट पोहोचलात ना? पहिल्या खेळाच्या गडबडीत काल धड बोलताही आलं नाही.

मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसले होते. आईचं हसणं सुरू झालं आणि सगळं थिएटर कान देऊन ऐकू लागलं. माझ्या पुढच्या बाई तर चक्क डोळे पुसत होत्या. मग पडद्यावरच्या माणसाने हेडफोन काढले आणि आवाज एकदम बंद. तिथे मी नुसती शांतता ठेवली होती. अख्ख्या कामातली माझी सगळ्यात लाडकी जागा!

आणि त्याच शांततेत तिसऱ्या रांगेतून तेच हसणं पुन्हा! पोट धरून, श्वास अडकून, खुर्चीच्या हातावर थापा मारत. लोकांना आधी ते सिनेमातलंच वाटलं, मग सगळेच हसत सुटले. दिग्दर्शक धावत आले आणि म्हणाले, प्रत्येक खेळाला हे असंच हवं. मी सांगितलं, त्या बाई भाड्याने मिळत नाहीत. हसता हसता मला रडू आलं. इतका आनंद मला या धंद्यात कधी झाला नव्हता.

बाबा, त्या शांततेत थिएटरचा एसी घरघरत होता, ते माझ्या कानांनी टिपलं. तुम्ही हात जोडून आईच्या कानाशी वाकलात, तेही दिसलं. पण काय म्हणालात, ते मी विचारणार नाही.

मी ऐकत असले-नसले, तुमचा लोभ असाच राहू द्या.

तुमची,
ठकू