हलता संडास

मर्व्ह,

आपल्या राहत्या गाडीतल्या संडासात बसू नकोस. बोल्ट मी काढलेत. कॅरव्हॅन पार्कातल्या सार्वजनिक संडासात जा.

भांडं हललं की तू दर गावात बुडाशी नुसतं सिलिकॉन थापतोस आणि गाडी पुढे काढतोस. आज भांडं उचललं, तर खालचं प्लायवूड भिजल्या पावासारखं हातात आलं. शेजारच्या व्हॅनमधला क्लाइव्ह म्हणाला, "बाई, बोल्ट पकड घेणार कशात? लाकूडच उरलं नाही!"

त्याच्याच गाडीतून फळी आणायला सेडुना गावात चाललेय. भांड्याखाली नवी फळी बसेपर्यंत आपण इथून हलणार नाही. थांबलं की तुला विकलेलं घर आठवतं, ठाऊक आहे. मला काय आठवत नाही? पण तुझ्या पळण्यापायी मी संडासासकट रस्त्यावर पडणार नाही.

आपल्या गाडीची किल्ली मी नेलीय, शोधू नकोस. आल्यावर रडायचं तर दोघं रडू, पण उभ्या गाडीत.

कोरली