सहा नंबरच्या पॅडवरचा आवाज

मी, वाळू गेणू बोडके, वय ६६, धंदा लग्नाची बँड पार्टी, राहणार मखमलाबाद, नाशिक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, कुणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर असल्याचे दोन दाखले सोबत जोडले आहेत. दोन यासाठी, की पहिला डॉक्टर माझ्या मुलाच्या ओळखीचा निघाला. मजकूर ॲड. भाग्यश्री मॅडम यांच्या ऑफिसात मी सांगेन तसा लिहिला जात आहे आणि प्रत्येक पान मी दोनदा वाचतो आहे.

कलम १. मखमलाबादचं राहतं घर माझी पत्नी सौ. उज्वला हिला द्यावं. पुढच्या खोलीत भाडेकरू ठेवायचा झाल्यास तो वाजवणारा नसावा. वाजवणारे भिंतीला कान लावतात.

कलम २. बँकेतली ठेव उज्वलाला, तिच्यानंतर मुलगी शुभांगी हिला. जावयाचं नाव कुठेही लावू नये. माणूस चांगला आहे, पण फार गोड बोलतो.

कलम ३. टेम्पो, चार स्पीकर आणि जनरेटर मुलगा रोहित याला. लॅपटॉप त्याचाच आहे, तो त्याला लखलाभ. दिंडोरीला एका द्राक्षबागायतदाराच्या घरचं लग्न होतं. नवरदेव घोड्यावर बसला आणि त्याच वेळी रोहितचा लॅपटॉप अपडेट व्हायला बसला. वऱ्हाड उन्हात उभं, रोहित पडद्यावरचे टक्के वाचून दाखवतोय. शेवटी मी टेम्पोतून माझं जुनं यंत्र काढलं, वायर खोचली आणि घोड्यानं पाऊल टाकायच्या आत वाजवायला लागलो. रोहित अजून म्हणतो, पप्पा, नेटचा प्रॉब्लेम होता. लग्नात नेट कशाला लागतं, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

कलम ४. ते जुनं यंत्र म्हणजे आठ पॅडचा सॅम्पलर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. यात कुठलाही आवाज भरून ठेवता येतो आणि रबरी पॅडवर काठी मारली की तो वाजतो. २००३ साली मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनाच घेतला. त्याच्यावर हळद सांडली, गुलाल बसला, सिन्नरला चालत्या टेम्पोतून तो पडला. दुसऱ्या दिवशी सुपारी होती, वाजला. तो पासवर्ड मागत नाही आणि स्वतःच्या मनानं काही बदलत नाही. माणसांबद्दल मला एवढं लिहून देता येणार नाही.

सहा नंबरच्या पॅडवर माझी आई गोजराबाई आहे. ती बुधवारच्या बाजारात मेथी विकायची. २००४ साली मी तिच्यासमोर माईक धरला आणि तिची हाक भरून घेतली, "मेथी घ्या गं बायांनो, सकाळचीच हाय." गंमत म्हणून एका वरातीत ताशाच्या मधे मारली, तर पोरं येडी झाली. तेव्हापासून लोक सुपारी द्यायला येताना "मेथीवाली पार्टी कुठंय" असंच विचारतात. आईनं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "मेल्या, भाव तरी सांगू द्यायचा होता मला." २००९ साली ती गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

यंत्राच्या छोट्या पडद्यावर मी काळी पट्टी चिकटवलेली आहे, कारण दुसऱ्या पार्टीवाले वाकून सेटिंग बघतात. कुठल्या पॅडवर काय आहे ते माझ्या हाताला पाठ आहे.

माझ्यामागे हे यंत्र लोखंडी कपाटात बंद करावं. आईच्या वर्षश्राद्धाला बाहेर काढावं, सहा नंबर एकदा वाजवावा, परत ठेवावं. कपाटाला दोन कुलपं असावीत. एक किल्ली उज्वलाकडे राहावी. उज्वलाचा दिरावर, म्हणजे माझ्या धाकट्या भावावर, जीव आहे, म्हणून दुसरी शुभांगीकडे.

कलम ५. धाकटा भाऊ किशोर, जो वीस वर्षं माझ्या पार्टीत कीबोर्ड वाजवत होता, त्याला माझ्या मिळकतीतलं काहीही मिळू नये. कारण लिहितो. तीन वर्षांपूर्वी हरसूलला सुपारी होती. मी जेवायला बसलो, यंत्र किशोरजवळ ठेवलं. परत आलो तर पट्टी अर्धी निघालेली आणि मेमरी कार्ड घालायच्या खाचेवरची धूळ पुसलेली. वीस वर्षांत त्या खाचेत मी काही घातलेलं नाही. आईचा आवाज चोरून दुसऱ्या पार्टीला द्यायचा बेत होता, हे समजायला मला कुणी सांगावं लागत नाही. तो "दादा, आतला सेल" असं काहीतरी म्हणायला लागला. मी म्हणालो, यंत्राचं नाव काढू नको. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे.

कलम ६. वकीलबाई म्हणतात, ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. किशोरला काहीच मिळत नाही. तेव्हा पहिला साक्षीदार तोच असावा आणि कलम ५ खाली त्यानं स्वतःच्या हातानं सही करावी. त्याला आज बोलावलं आहे. समोरच्या खुर्चीत बसला आहे.

कलम ७. येथवर लिहून झाल्यावर जे घडलं ते लिहितो.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, यंत्र चालू स्थितीत आहे असं लिहायचं तर एकदा वाजवून दाखवा." सोबत आणलेलं यंत्र स्पीकरला जोडून मी सहा नंबरवर काठी मारली. काही नाही. मग आठही पॅड मारले. सगळे मुके. वायर काढून परत खोचली, तरी तेच.

किशोरनं काळी पट्टी ओढून काढली. पडद्यावर बॅटरी संपल्याचं लिहिलेलं होतं. या यंत्रात भरलेले आवाज आतल्या रुपयाएवढ्या सेलवर टिकतात. तो संपला की सगळं पुसतं. सेल उतरत आल्याचं पडदा तीन वर्षं सांगत होता आणि मीच त्याचं तोंड बंद करून ठेवलं होतं.

किशोर म्हणाला, "हरसूलला उन्हानं पट्टी सुटली, तेव्हा दिसलं मला. तू कुणाला यंत्र खोलू देणार नाही, माहीत होतं. म्हणून आईला माझ्या कीबोर्डच्या कार्डावर उतरवून घेतलं." पाकिटातून कागदात गुंडाळलेलं कार्ड काढलं. "तीन वर्षं खिशात आहे, दादा. तू विचारलंच नाहीस."

त्यानं घड्याळजीकडून सेल आणून बसवला, कार्ड खाचेत घातलं आणि काठी माझ्या हातात दिली. ऑफिसात आई ओरडली. बाहेरच्या बाकावरच्या दोन बायांनी आत डोकावून बघितलं. मला रडू आवरेना. किशोरलाही. जी चोरी समजून मी तीन वर्षं भाऊ तोडला, त्याच चोरीनं आई राहिली.

कार्डाची आणखी एखादी प्रत आहे का, असं मी त्याला लगेच विचारलं. तो नाही म्हणाला. ते खरं का, याचा मी अजून विचार करतो आहे.

तरी कलम ४ मधली कपाट आणि कुलपांची व्यवस्था रद्द, कलम ५ रद्द. यंत्र आणि कार्ड किशोरला द्यावं. त्यानं ते कपाटात न ठेवता लग्नात वाजवावं आणि रोहितला शिकवावं. आईच्या आवाजाच्या प्रती काढाव्यात. कुणी मागितल्यास द्याव्यात, मात्र घेणाऱ्याचं नाव लिहून ठेवावं. वकीलबाई म्हणतात, कागद नवा करू. मी नको म्हणालो. मी काय लिहिलं होतं ते राहू द्यावं.

ठिकाण : नाशिक
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५
लिहून ठेवणार : वाळू गेणू बोडके (सही)

साक्षीदार :
१. ~~किशोर गेणू बोडके~~ (नाव खोडलं. यांना आता मिळकत मिळते, म्हणून यांची साक्ष चालत नाही. खोडाखोड माझी. सही, वाळू बोडके)
२. समाधान पुंजा पिंगळे, टेम्पोचालक (सही)
३. कुसाबाई निवृत्ती काकड, शेजारीण (सही)