सट्टाबाजाराच्या दारावरची बाई

देवास, कार्तिक वद्य ३, शके १८२९

अफूच्या सट्टाबाजाराच्या नव्या इमारतीच्या दारावर शेठजींना लक्ष्मी हवी होती. मी कोरली अफूच्या बोंडाला चीर देणारी मजूर बाई, वाकड्या अंगठ्याची. आज परांची उतरवल्यावर त्यांनी ती पाहिली.

"मिस्त्री, लक्ष्मीजी कहाँ हैं?"

चार महिन्यांचं काम वाया! तरी म्हणालो, "हीच, शेठजी. हिच्या हातून अफू आली नाही, तर सौदा कशाचा करणार?"

त्यांनी तिच्या हाताकडे बोट दाखवलं. "अंगूठा तो सीधा कर दो."

"ते नाही होणार." इतका ठाम कसा राहिलो मी?

शेठजी हसले. "अच्छा, रहने दो."

तो अंगठा आईचा आहे, हे त्यांना सांगितलं नाही. शेतात चिरा देऊन देऊनच वाकलाय. उद्या तिला दाखवायला नेतो.