अर्ज शिवू नये

४ जून
चि. पिटुकलीस, आशीर्वाद.
अडतीस शिष्यवृत्त्या तपासल्या. सदतीस बाद: कुठे वय आडवं आलं, कुठे विषय. एक उरली, पुस्तकबांधणी कारागिरांच्या संघाची. कारागिराच्या मुलीला पूर्ण फी. बाबांच्या धंद्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. कॉलेज तुझी जागा तीस तारखेपर्यंतच राखणार, तेव्हा हीच. कागद क्रमाने लावलेत. बारा तारखेच्या आत पोहोचव. सही कर, पाठव, हुशारी नको.
तुझी ताई

११ जून
ती. ताईस, सा. न. वि. वि.
अर्ज पोहोचला, पण रागावू नकोस. मी सही करून उठले, तेवढ्यात बाबांनी कागद उचलले. सुटे पाठवायला आपण काय रद्दीवाले आहोत, म्हणाले. दोन दिवस बसून पक्की बांधणी केली: दोऱ्याची शिलाई, कापडी पाठ, वर माझं नाव सोनेरी अक्षरांत. पार्सल गेल्यावर मी सूचना वाचल्या. आठवी सूचना: अर्ज शिवू नये. बाबांना सांगितलेलं नाही. आता गं?
तुझी धांदरट

१४ जून
चि. पिटुकलीस,
संघाच्या कारकुनाला फोन केला. शिवलेला अर्ज बाद होतो. नवा घ्यायची मुदत संपली. चूक माझी. ती सूचना मी वाचली होती, पण घरात बाइंडर आहे हे धरायला विसरले. बाबांना कळू देऊ नकोस.
ताई

२६ जून
ताई, मिळाली! चारही वर्षांची!
अध्यक्षांचा स्वतः फोन आला. कारकुनाने अर्ज बाजूला टाकला होता, तो समितीतल्या म्हाताऱ्या बाइंडरांनी उचलला. तासभर आतलं कोणी वाचलंच नाही म्हणे! उघडून टेबलावर सपाट ठेवला, शिलाईवरून बोटं फिरवली. तिसरी सूचना पालकाच्या कारागिरीचा पुरावा मागते. इतरांनी दाखले जोडले होते. हा पुरावा आम्ही परत देणार नाही, असं अध्यक्षांनी बजावलंय. बाबांना मी सगळं सांगितलं. तेव्हापासून ते येताजाता विचारतात, सुटे पाठवले असते तर? जगणं मुश्कील केलंय.
तुझी पिटुकली

२९ जून
ती. बाबांस, सा. न.
शिवलेला अर्ज बाद होणार, हा माझा अंदाज चुकला. आमच्या मोजमापाच्या प्रयोगशाळेत चूक लिहून द्यावी लागते, म्हणून लिहिते.
सोबत माझा पदवीचा प्रबंध आहे. चार वर्षांपूर्वी तुम्ही तो बांधायला मागितला होता. मी कॉलेजसमोरच्या दुकानात प्लॅस्टिकची स्प्रिंग लावून घेतली आणि घाई होती म्हणाले. घाई नव्हती.
स्प्रिंग काढली आहे. पानं सुटी आहेत. कापडाचा रंग तुम्हीच निवडा. नाव सोनेरी अक्षरांत चालेल.
लोभ आहेच, तो असाच राहू द्या.
तुमची थोरली