पोटातली तार

५ फेब्रुवारी

चि. धाकटीस दादाचे अनेक आशीर्वाद.

प्लास्टरमधला पाय काय म्हणतो? डॉक्टरकीच्या पोरांना पोटाच्या आतलं सगळं शिकवणारी बाई स्वतः जिन्यावरून गडगडते, हे ऐकून माझी गिऱ्हाइकं पोट धरून हसली. इकडे शाळांचे गणवेश शिवायला आलेत, मशीनवरून उठायची सोय नाही.

बाबांचं मात्र काहीतरी निराळंच चाललंय. आई गेल्यापासून ते वाळत चाललेत, हे तू पाहिलंसच. परवा दुपारी जेवून आडवे झाले होते, पोटावर वर्तमानपत्र पालथं. मी टेप शोधायला आत गेलो, तर पेपर आपला आपण उडत होता. पंखा बंद, खिडकी बंद. विचारलं तर म्हणाले, हळू बोल, तुझी आई बोलतेय.

मला हसू आलं, पण ते हसले नाहीत. आतून कोणी दार वाजवावं तसं वाजतं म्हणे. आई-बाबा दोघंही तारमास्तर, एकमेकांचं तोंड पाहण्याआधी वर्षभर तारेवरच ओळख होती. बाबा म्हणतात, तारेचं बटण दाबायची प्रत्येकाची ढब वेगळी असते आणि हा हात तिचाच. तू यातली जाणकार. याला गॅस म्हणायचं का?

पाय जप. आहे ती माया आटू देऊ नकोस.
तुझा दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

गॅस नाही रे. नीट वाच. बेंबीच्या मागे, आतड्यांच्याही मागे, कण्याला टेकून महाधमनी खाली उतरते. हृदयातून निघालेली सगळ्यांत जाड रक्तवाहिनी. वाटेत ती जठराला, यकृताला, प्लीहेला, मूत्रपिंडांना फाटे देते आणि बेंबीपाशी दुभंगून दोन्ही पायांत जाते. माणूस वाळला की तिचे ठोके वरून दिसतात, त्यात भ्यायचं काही नाही. पण म्हातारपणी कधी तिची भिंत पातळ होऊन फुगते, आणि तो फुगा फुटला तर दवाखान्यात पोचायलाही सवड मिळत नाही.

म्हणून एवढं कर. बेंबीच्या जरा वर, दोन्ही बाजूंना तळवे ठेव. तळवे नुसते वर उचलले गेले तर ठीक; एकमेकांपासून लांब ढकलले गेले तर ताबडतोब मोठ्या इस्पितळात ने. मनगटाची नाडीही बघ, पोटातल्या ठोक्याशी जुळायला हवी. दोन्हीकडे एकच हृदय वाजतं.

तारच केली असती, पण ती बाबांच्या हाती पडली असती. वहिनीला नमस्कार. माझ्यावर राग धरत असशील तर तो थोडा आणि लोभ जास्त असू दे.
धाकटी

१३ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

तळवे ठेवले. लांब ढकलले गेले. कुणीतरी आतून माझे हात बाजूला सारत होतं.

आणि नाडी जुळत नाही. मनगट माझ्या मशीनसारखं एका लयीत चालतं. पोटात मात्र तारेच्या कडकट्टसारखं एक लांब, दोन तोकडे, मग थांबा, मग पुन्हा लांब. मी डोळे मिटून पाहिलं, तुझ्या वहिनीला बघायला लावलं. तिने हात झटकन काढून घेतला आणि दिवसभर त्या खोलीत गेली नाही.

इस्पितळाचं नाव काढलं तर बाबा ऐकत नाहीत. आई एकच शब्द पाठवतेय म्हणे: निघ. मी विचारलं, कुठं? तर म्हणाले, ती जिथे आहे तिथे, आणखी कुठं? काल पांढरा सदरा माझ्याकडून इस्त्री करून घेतला आणि उशाशी ठेवला. मला काही सुचत नाही. तूच सांग काहीतरी.
दादा

१६ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

नाडी न जुळणं शक्य नाही. तू घाबरला होतास, बोटं फसतात. तळव्यांचं मात्र खरं असणार.

काल वर्गात एका म्हाताऱ्याचं पोट उघडलं. आतडी बाजूला केली तर मागे मोसंब्याएवढा फुगा, एका अंगाने फाटलेला, भोवती काळं गोठलेलं रक्त. पोरं पुढे वाकली. मी कुबडी धरून उभी होते, मला त्याच्या चेहऱ्यावरचं कापड दूर करवेना.

आता बाबांना एवढंच सांग. आई निघ म्हणाली, कुठं ते म्हणाली का? तारेत नसलेला शब्द तारमास्तराने पदरचा घालायचा नसतो, हे त्यांनीच आपल्याला शिकवलं. तिने इस्पितळात जायला निघ म्हटलं नसेल कशावरून? पण हे तुझं म्हणून सांग. माझं नाव आलं, तर म्हणतील, हिला कापाकापीशिवाय काही सुचत नाही.

उशीर करू नकोस. पुढचं पत्र तुझ्याच अक्षरात, चांगल्या बातमीचं येऊ दे.
धाकटी

२ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

बाबा वाचले. तू सांगितलंस ते मी माझं म्हणून बोललो. ते उठून बसले आणि म्हणाले, चप्पल दे. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. फुगा कापून तिथे कापडाची नळी शिवली. मी सर्जनना विचारलं, टाका कुठला घालता? ते हसले आणि आमची गट्टी जमली.

म्हणूनच त्यांनी पुढचं बोलून दाखवलं असावं. वरून चिमटा लावून रक्त पूर्ण थांबवलं, तरी तो रिकामा फुगा त्यांच्या हाताखाली काही वेळ वाजत राहिला. स्वतःच्याच बोटातली नाडी लागते कधीकधी, असं तेच म्हणाले. पण एका लयीत नव्हतं म्हणे. बाबांनी ते ऐकलं आणि हट्टच धरला. शेवटी सर्जननी आठवेल तसं खाटेच्या दांडीवर वाजवून दाखवलं. बाबांनी पुन्हा वाजवायला लावलं.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, हा निरोप माझ्यासाठी नव्हे, धाकटीसाठी आहे. आधी तिचं नाव आलंय, मग दोन शब्द: बरं केलंस.

आता पोटात काही वाजत नाही. बाबा जेवतात, झोपतात. पण काल संध्याकाळी त्यांनी मला जवळ बसवलं आणि विचारलं, धाकटीने काय केलं रे? ते बोलणं तुझं होतं हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, तुझ्या वहिनीलाही नाही. तू आणि मी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

पाय सुटला की लगेच ये. आमच्यावर जीव आहे तसाच असू दे.
तुझा दादा