चांदबी बाईंची रजा

आटपाडी, १२ मार्च १९७४

चांदबी बाई, सलाम.

गेल्या वर्षी तुम्ही आठ दिवसांची रजा मागितलीत, तेव्हा मी हेडमास्तरी थाटात "परीक्षेनंतर बघू" म्हणालो. वर शाळा सुटल्यावर दुष्काळी कामावरची हजेरीही तुमच्याच गळ्यात घातली. वर्गातल्या पोरांची नावं तुम्हाला आठवेनाशी झाली होती, हे मला दिसत होतं. महिन्याभरात तुम्ही नोकरी सोडलीत.

परवा नवे जोतिबा गुरुजी फळ्याकडे तोंड करून नुसतेच उभे होते. मी त्यांच्या हातातला खडू घेतला. "पंधरा दिवस घरी जा. वर्ग मी बघतो."

ते घाबरले. "सर, माजं काय चुकलं?"

"काही नाही. दमलाय तुम्ही."

बाई, एवढंच तुम्हाला म्हणायचं राहिलं. पत्र टाकायचं धाडस मात्र अजून होत नाही.

तुमचा अपराधी,
लालासाहेब