जावयाची चांदी आणि विहिरीतले गप्पी मासे

ठाकूरद्वार, रविवार

चि. क्षितिजास मनूमामाचे पोटभर आशीर्वाद. तुझी सर्दी उतरली असेल. नसली तर प्रयोगशाळेतली ती अदृश्य भुकटी नाकात गेली नाही ना, एवढं बघ. (हसू नकोस.)

मृणालिनी बाळंतपणाला माहेरी यायची, म्हणून आमच्या जावयांनी, राजसरावांनी, पाण्याचा फिल्टर पाठवला. आत म्हणे नॅनो चांदी, जंतू मारते. मला तेव्हाच खटकलं. चांदी, आणि डोळ्यांना दिसायची नाही? शिवाय जंतू मारणारी चांदी लेकीच्या पोटातलं बाळ ओळखून वगळणार आहे का? तुला फोनवर विचारलं, तर तू होय-नाही न सांगता मलाच विचारलंस, पाण्यात किती सुटते, पोटात किती जाते, गटारातून समुद्रात किती. (समुद्रात म्हणजे पापलेटात, म्हणजे फिरून माझ्याच ताटात. संशय तिथेच दुप्पट झाला.) मग मीच परीक्षा घ्यायचं ठरवलं. वाडीच्या विहिरीत डासांसाठी सोडलेले गप्पी मासे काढले. तू सांगितलंस म्हणून तुलनेला साधं पाणीही ठेवलं. भांडी अगदी सारखी. ज्यांतलं पाणी मी रोज पहाटे पितो आणि सगळ्या वाडीला प्यायला लावतो, ते अस्सल तांब्याचे दोन तांबे, तुझ्या मामीने चिंचेने लख्ख घासलेले. एकात फिल्टरचं पाणी, दुसऱ्यात विहिरीचं. सकाळी पहिल्या तांब्यातले मासे उताणे. मी तडक राजसरावांना फोन करून, तुम्ही विष पाठवलंत, असं सांगून मोकळा झालो. ते शांतपणे म्हणाले, मग बाळंतपण इथे ठाण्याला, आमच्याच घरी होऊ दे.

फोन ठेवल्यावर मामीने दुसऱ्या तांब्यावरची ताटली उचलली. तिथलेही उताणे. "अहो, मासे चांदीने मेले की तुमच्या तांब्याने?" (घरातल्या माणसाने असं जावयाची बाजू घेऊन बोलावं?) पाळणा माळ्यावरून उतरवून पुसून ठेवलाय. मला त्याच्याकडे बघवत नाही.

तुझा,
मनूमामा

ता. क. हल्ली मी पहाटेचं पाणी स्टीलच्या पेल्यातून पितो. वाडीत बोलू नकोस.

आणखी एक. उरलेली एक गप्पी मामीने मुरंब्याच्या काचेच्या बरणीत ठेवली होती, नळाला पाणी नव्हतं म्हणून फिल्टरच्याच पाण्यात. ती आज सकाळी बाळंत झाली. (गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते.) एका माशावरून काही सिद्ध होत नाही, असं तू म्हणणारच, आणि त्या पाण्याची खरी तपासणी तू करच. पण तोवर राजसरावांना एवढं कळवशील का, की त्यांच्या पाण्यावरचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे सुखरूप पार पडलं? मी कळवलं तर माफी मागितल्यासारखं दिसेल.